पद्धत निवडताना
प्रकल्पाचा विषय मिळताच अनेक विद्यार्थी प्रथम प्रश्नावली छापून घेतात. थोडे थांबा. कोल्हापूरकडील काही बायका ‘मी जातो’ म्हणतात. आपणांस हे रूप अभ्यासायचे आहे, असे समजा. प्रश्नावलीत त्याच बाई ‘मी जाते’ लिहितील, कारण कागद समोर आला की शाळेतली मराठी जागी होते. विल्यम लबॉव्ह यांनी १९६२ साली न्यूयॉर्कच्या दुकानांत विक्रेत्यांना फक्त एखादा विभाग कोठे आहे, एवढेच विचारले. ‘फोर्थ फ्लोअर’ या उत्तरातला ‘र’ त्यांना ऐकायचा होता. आपणही गिरणीत, एसटीत कान उघडे ठेवा. ध्वनिमुद्रणास मात्र संमती हवी; ती दिल्यावर माणूस सावध बोलतो, म्हणून सुरुवातीचा भाग वेगळा ठेवा. ‘जातो’ म्हणण्याचा संकोच वाटतो का, हे विचारायचे असेल, तर मग प्रश्नावली काढा.