पनवेलची रात्र

भाचा बर्लिनला असतो. परवा फोनवर सांगत होता, "मावशी, जर्मनीने २०२४ मध्ये इथल्या टेक्नो संगीताला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं!" क्लबातलं ते धाडधाड संगीत, आणि वारसा? मला हसूच आलं. म्हटलं, "अरे, रात्र जागवणारी गाणी आमच्या पनवेललाही होती." तो जरा गप्प झाला. त्यालाही तेच आठवलं असणार. डान्स बार.

मुंबई-पुणे रस्त्यालगत हे बार कसे वाढत गेले ते आम्ही पनवेलकरांनी पाहिलंय. आधी नुसते परमिट रूम. मग कोपऱ्यात ऑर्केस्ट्रा आणि गाणारी मुलगी. मग गाणारी मागे पडली, सिनेमाच्या गाण्यांवर नाचणाऱ्या आल्या. आणि नोटा उधळणारे! त्यापायी बसलेले संसारही पाहिले. म्हणून २००५ मध्ये आबांनी, म्हणजे गृहमंत्री आर. आर. पाटलांनी, बंदी आणली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. बंदीच्या मागणीच्या निवेदनावर माझीही सही होती.

१५ ऑगस्टनंतर महिनाभरातच माझ्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलीचा दाखला न्यायला तिची आई आली. फॉर्मवर आईचा व्यवसाय 'घरकाम' लिहिलेला. "बाई, इथलं काम गेलं. गावी चाललो." कसलं काम ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. दोघींना कळलं. जाताना म्हणाली, "इंग्रजी कच्चं आहे तिचं. तिथल्या बाईंना दोन ओळी लिहून द्याल?"

मी "बघते" म्हटलं. आणि लिहून दिलं नाही.

पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. तारांकित हॉटेलांना नाच चालतो, मग बारना का नाही, या मुद्द्यावर २००६ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी रद्द ठरवली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलं. मग २०१६ चा नवा कायदा. त्यात एक अट होती, बार शाळेपासून किमान एक किलोमीटर लांब हवा. २०१९ मध्ये न्यायालयाने तीही काढली. ती अट पेपरात वाचताना मला ती मुलगीच आठवली. बार लांब ठेवाल हो, पण तिथे नाचणारीची लेक तर माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसत होती!

बार चांगले होते असं मी आजही म्हणणार नाही. पण सही करताना या बायका उद्या कुठे जातील हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. पस्तीस वर्षं मुलांना प्रश्न विचारणाऱ्या बाईला तो पडायला हवा होता.

ती मुलगी आता तिशी ओलांडून गेली असेल. इंग्रजी सुधारलं असेल का तिचं?