आत्म्याचा हिशोब : ज्यू परंपरेतील आत्मपरीक्षण

ज्यू धर्मात अंतर्मुख होण्याचे अनेक मार्ग आहेत. त्यांतला व्यवहाराला सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे ‘हेश्बोन हानेफेश’, अर्थात आत्म्याचा हिशोब. दिवसभरात कोणाशी कसे वागलो, काय बोललो, रागाला कुठे थारा दिला, हे रोज तपासायचे आणि दुसऱ्या दिवशी वागणे सुधारायचे, असे त्याचे स्वरूप आहे.

या विचाराची पद्धतशीर मांडणी 11व्या शतकात स्पेनमधील सारागोसाचे धर्मन्यायाधीश बाह्या इब्न पाकुदा यांनी केली. त्यांचा ‘अंतःकरणाची कर्तव्ये’ हा ग्रंथ मूळ ज्यू-अरबीत असून पुढच्या शतकात तो हिब्रूत आला. त्यावर सूफी विचारांचा ठसा आहे. दहा प्रकरणांपैकी आठवे सबंध आत्महिशोबाला वाहिलेले आहे. उपवास, दानधर्म ही शरीराने पाळायची कर्तव्ये. पण अंतःकरणाची साथ नसेल तर ती पोकळ ठरतात, असे त्यांचे सांगणे.

रोज पाळता येईल अशी रीत घालून दिली ती ज्यू लेखक मेंडेल लेफिन यांनी. 1808 साली लेम्बर्ग (आजचे युक्रेनमधील ल्विव्ह) येथे त्यांचे ‘हेश्बोन हानेफेश’ हे छोटे पुस्तक निघाले. त्याची पद्धत बेंजामिन फ्रँकलिनकडून घेतलेली आहे. समचित्तता, सहनशीलता, नीटनेटकेपणा, नम्रता, मौन, सत्य असे एकूण 13 गुण. एका आठवड्याला एक गुण घ्यायचा, आठवड्याचे वार मांडलेला तक्ता करायचा आणि चूक झाली की त्या वाराखाली खूण करायची. दुकानातली रोजकीर्द लिहावी तसे. 13 आठवड्यांनी फेरी संपते आणि वर्षात अशा चार फेऱ्या होतात. सगळे दोष एकदम काढायला निघालेला माणूस लवकर थकतो. एका वेळी एकच गुण, हे या पद्धतीचे खरे शहाणपण आहे.

या पुस्तकाला दुसरे आयुष्य मिळाले ते लिथुएनियात, रब्बी इस्रायल सलांतर (1810–1883) यांच्यामुळे. त्यांनी सुरू केलेली नीतिसंस्काराची चळवळ ‘मुसार’ नावाने ओळखली जाते. नुसत्या वाचनाने स्वभाव हलत नाही, म्हणून नीतिग्रंथ मोठ्याने, आर्त सुरात, पुन्हा पुन्हा म्हणावेत, असा त्यांचा आग्रह होता. त्यांची एक गोष्ट सांगतात. एका घरी जेवणापूर्वी त्यांनी हात अगदी थोड्या पाण्याने धुतले. कारण विचारल्यावर ते म्हणाले, विहिरीवरून पाणी वाहून आणणाऱ्या मोलकरणीच्या खांद्यावर माझे पुण्य नको. या गोष्टीत सगळा मुसार आला.

त्यांच्या शिष्यपरंपरेतून निरनिराळी विद्यापीठे उभी राहिली. केल्मचा भर शिस्तीवर आणि शांत चित्तावर, तर स्लाबोद्काचा माणसाच्या थोरवीवर. नोव्हारदोकचे विद्यार्थी मात्र औषधांच्या दुकानात जाऊन मुद्दाम खिळे मागत. लोक हसले तरी मन ढळू नये, याची ती तालीम होती.

मुसारच्या आधीच पूर्व युरोपातील हसिदी पंथात याहून वेगळी वाट रुळली होती. ब्रेस्लोवचे रब्बी नाखमान (1772–1810) यांनी ‘हित्बोदेदुत’ शिकवले : रोज काही वेळ, शक्यतो रात्री, माणसांपासून दूर जाऊन आपल्या बोलीभाषेत देवाशी मोकळेपणाने बोलणे. तिथे तक्ता नाही, ठरलेले शब्दही नाहीत. हिशोबी स्वभावाच्या माणसाला मुसार मानवतो. मन भरून आलेल्याला ही वाट जवळची वाटते.

वर्षभराच्या हिशोबासाठी एलुल हा महिना राखलेला असतो. तो संपल्यावर नववर्ष येते आणि दहाव्या दिवशी योम किप्पुरचा उपवास. देवाविरुद्धचे अपराध या दिवशी क्षमा होतात. माणसाचा अपराध केला असेल तर आधी त्याचीच मनधरणी करावी लागते, असा मिश्ना या प्राचीन ज्यू धर्मग्रंथाचा दंडक आहे. कोकणातले बेने इस्रायल ज्यू या दिवसाला ‘दारफळणीचा सण’ म्हणत. पांढरे कपडे घालून, दारे लावून ते दिवसभर उपाशी घरात राहत.

लिथुएनियातील मुसार विद्यापीठे दुसऱ्या महायुद्धातील ज्यू संहारात नष्ट झाली. स्लाबोद्काची एक शाखा 1924 मध्येच हेब्रोनला गेली होती. तिथल्या ज्यूंच्या 1929च्या हत्याकांडानंतर ती जेरुसलेमला हलली आणि आजही तिथे चालू आहे.