उंच कुंपणाचा अर्ज

इंग्लंडमध्ये परसातलं कुंपण दोन मीटरपर्यंत सहसा कुणाला न विचारता घालता येतं. त्याहून वीतभर उंच हवं असेल तर कौन्सिलकडे रीतसर अर्ज. आमच्या शेजाऱ्यांकडे कुंपणाला लागून गुडघाभर उंचीचा जुना लाकडी डेक आहे. तिथे ते कुंड्यांना पाणी घालायला उभे राहिले की आमचं सगळं परस त्यांच्या नजरेखाली येतं. गृहस्थ भला आहे, दिसला की हात करतो. पण साताऱ्याहून आलेली आई न्हाऊन केस मोकळे सोडून उन्हात बसलेली असते. ती पदर सावरत आत येते, ती दिवसभर पुन्हा बाहेर फिरकत नाही. इथलं ऊन मुळात केवढं!

अर्जाला १:१२५० प्रमाणाचा नकाशा लागतो, त्यावर आपली जागा लाल रेषेने आखायची. कुंपणाची उंची, लाकडाचा प्रकार, रंग, सगळं लिहायचं. मग ते कागद कौन्सिलच्या नोंदवहीत कुणालाही बघायला खुले होतात आणि हरकती घ्यायला लोकांना २१ दिवस मिळतात. आडोसा हवा म्हणून आधी आपलं परस चव्हाट्यावर मांडायचं, हे मला जड गेलं.

आजीच्या परसाला तर एरंडाचं विरळ कुंपण होतं, आरपार दिसायचं. तरी ती तिथे निवांत असे, कारण मागच्या वाटेने येणारा कोपऱ्यावरच खाकरायचा, जरा थांबायचा आणि मगच पुढे यायचा. सांभाळून वागायचं ते येणाऱ्याने. आपल्याकडच्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातही हीच समज उतरली आहे. रूढीने मिळणाऱ्या हक्काचं उदाहरण देताना तो म्हणतो की एखाद्या शहरात तशी रूढी असेल, तर शेजाऱ्याच्या खाजगीपणावर घाला येईल अशी नवी खिडकी घरमालकाला काढता येत नाही.

लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयाच्या सज्जातून समोरच्या काचेच्या फ्लॅटांमध्ये लोक डोकावत, फोटो काढत. रहिवासी कोर्टात गेले, तेव्हा खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशांनी त्यांना पडद्यांचा मार्ग सुचवला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी तो निकाल फिरवला. बघ्यांच्या गर्दीपासून वाचायला घरातल्यांनीच पडदे ओढून बसावं, हे न्यायालयाला पटलं नाही. वाचून मला फार बरं वाटलं. मात्र नुसतं शेजारच्या घरात दिसणं हा काही उपद्रव नव्हे, हेही त्याच निकालात आहे, आणि तेही योग्यच आहे. आमचे शेजारी टोमॅटोला पाणी घालतात, डोकावत नाहीत. त्यांना खाकरायला सांगणार कोण?

तेव्हा कुंपण हवंच. पण ते त्यांच्या दक्षिणेला येतं. सगळं उंच केलं तर त्या टोमॅटोंवर दुपारीच सावली पडेल. म्हणून नकाशा घेऊन आधी त्यांच्याकडे गेलो. सावली कुठवर येईल ते डेकवर उभं राहून दोघांनी पाहिलं. आता अर्जात २.४ मीटर उंची मागितली आहे ती आईच्या बसायच्या जागेपुरती, तीनच पॅनेलांना. टोमॅटोंच्या बाजूचं कुंपण आहे तेवढंच राहील.