मागचें आंतलें चाक

पन्नाशी उलटल्यावर आम्हांस एक व्यसन जडलें, आणि तेंही चार चाकांचें! पुतण्याच्या आग्रहास्तव एका रविवारीं भाड्याच्या गो-कार्टमध्यें बसलों. डोंबिवलीस परतलों तों अंग आंबलेलें, पण मन मात्र तिकडेंच. थोरले दादा म्हणाले, "हा पोरखेळ तुला शोभत नाहीं."

ह्या वाहनाचा जन्म १९५६ सालीं कॅलिफोर्नियांत आर्ट इंगल्स यांच्या हातून झाला. त्यास ना स्प्रिंगा, ना डिफरन्शियल. मागचीं दोन्ही चाकें एकाच अखंड आंसास जखडलेलीं. वळणावर बाहेरच्या चाकाची वाट लांब, आंतल्याची आखूड. तरी दोघांनीं सारख्याच वेगानें फिरावयाचें! त्यामुळें गाडी अडते. उपाय एकच, आंतल्यानें क्षणभर जमीन सोडावी. स्टीअरिंग वळवितांच किंगपिनच्या कलामुळें पुढचें आंतलें चाक खालीं दाबतें, सांगाडा किंचित् पिळतो आणि मागचें आंतलें चाक उचललें जातें. चेसिस जुळविण्याचा बराचसा खटाटोप ह्याचसाठीं.

कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या मार्गावर राष्ट्रीय शर्यती झाल्या आहेत. तेथें उतरावें म्हणून आम्हीं काका-पुतण्यांनीं जुनी कार्ट विकत घेण्याचें काढलें. दादांनीं साफ नकार दिला आणि घरांत अबोला शिरला.

आठ दिवसांनीं आम्हींच माघार घेतली. भाड्याची कार्ट पुरे म्हटलें. एका आंसास बांधलेल्यांपैकीं वळणावर कोणीतरी उचलून घ्यावयासच हवें. वळण सरलें कीं तें चाक पुन्हां जमिनीवर टेकतेंच.

त्याच रात्रीं दादांनीं हळूच विचारलें, "तें चाक उचलतें म्हणजे कसें रे?"

येत्या रविवारीं तेही येणार आहेत. नुसतें पाहावयास, असें म्हणतात!