हातभर दोरा

आमच्या घरी त्याला फ्लॉस म्हणत नाहीत, दोरा म्हणतात. रात्री साडेनऊला आई 'दोरा झाला का?' असं विचारते, तेव्हा पाहुण्यांना वाटतं, कुणीतरी बटण लावायला बसलंय.

सुरुवात झाली गेल्या पावसाळ्यात. इंदूरचा पावसाळा म्हणजे भुट्टे. बाबांनी भाजलेल्या कणसाला मीठ-लिंबू चोळलं, एक घास घेतला आणि कणीस हळूच ताटलीत ठेवलं. "तू खा गं, मला नको." भुट्टा नको म्हणणारे आमचे बाबा नव्हेत. दाढ हलत होती.

बाबांना सोळा वर्षांपासून मधुमेह आहे. साखर वाढलेली राहिली की हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं, हे आम्हाला ती दाढ काढताना कळलं. डोळे दरवर्षी तपासायचो, पायाला साधं खरचटलं तरी घर गोळा व्हायचं. तोंडात मात्र कुणी डोकावलं नव्हतं. याची मला अजून लाज वाटते.

मग मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या हिरड्यांतून रक्त येतं?" येत होतं. जोरात ब्रश करते म्हणून येत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. वय चौतीस. दोन दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही, तिथला थर साचून कडक झाला की तो घरी निघत नाही, दवाखान्यातच काढावा लागतो.

दोऱ्याची डबी आणली आणि बाथरूममध्ये ब्रशशेजारी ठेवली. ती तिथेच राहिली. रात्री अकराला, झोपेनं डोळे मिटत असताना, बोटांना दोरा गुंडाळून आरशासमोर जबडा फाडून उभं राहायचं? बोटं निळी पडायची, रक्त दिसलं की मी थांबायचे. बाबांनी तर दोन दिवसांत हात टेकले. "हा उपचार आहे की शिक्षा?"

उपाय आईमुळे सापडला, तिच्या नकळत. जेवण झाल्यावर सोफ्यावर बसून ती बांगडीतली सेफ्टी पिन काढते आणि दात कोरते. मी लहानपणापासून पाहतेय. म्हणजे सवय घरात होतीच, वेळही ठरलेली होती. हत्यार तेवढं चुकीचं होतं. मी बडीशेपेच्या डब्यातली सुपारीची वाटी रिकामी केली (यावरून वाद झाला, तो इथे नको) आणि तिथे डबी ठेवली. आधी बडीशेप, मग दोरा. उलट केलं तर बडीशेपच अडकते.

दोरा हातभर घ्यायचा, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळून मधे दोन-तीन सेंटीमीटर ताणलेला ठेवायचा. फटीत खटकन दाबायचा नाही, हळूहळू सरकवायचा. मग एका दाताला कवेत घेतल्यासारखा वळवून हिरडीच्या कडेपासून वर-खाली, नंतर शेजारच्या दाताला तसंच. पुढच्या फटीला दोऱ्याचा नवा भाग. सगळं मिळून तीन-चार मिनिटं लागतात. रक्त आलं म्हणून थांबायचं नसतं, हे मला उशिरा समजलं. रोज करायला लागल्यावर दहा-बारा दिवसांत माझं थांबलं. तुमचं पंधरा दिवसांनीही थांबलं नाही, तर दाखवून या.

बाबांच्या फटी मोठ्या, शिवाय त्यांची बोटं मागच्या दाढांपर्यंत वळत नाहीत. त्यांना मॅडमनी दातांच्या फटीतला बारीक ब्रश दिला, मापही त्यांनीच ठरवलं. बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू दिसतं ते. आईनं दांडीवर ताणलेला दोरा पसंत केला. पिन अजून बांगडीत आहे, पण ती साडीसाठी.

रोज होतं का? नाही. मॅच असली की बाबा विसरतात. लग्नाहून रात्री उशिरा आलो की सगळेच विसरतो. बाबांची साखर आता बरी आहे. पण औषध बदललंय, चालणंही वाढलंय, तेव्हा सगळं श्रेय दोऱ्याला देणार नाही. त्यांची दुसरी एक दाढ मात्र थोडी हलायची, ती अजून जागेवर आहे.

परवा पहिले भुट्टे आले. बाबांनी अंगठ्यानं एकेक दाणा सोडवून, डाव्या बाजूनं सावकाश चावत अख्खं कणीस संपवलं. मग हात पुसले आणि म्हणाले, "तो सुपारीचा डबा इकडे दे."