एका पेटीत दोन साप

अमरावतीत साप धरायला गेले की घरचं कोणी ना कोणी म्हणतंच, "ताई, याची जोडी असन. तिलेबी धरा अन् दोघंबी सोबतच सोडा." कुटाराच्या ढिगातून धामण निघाली तर हे ठरलेलंच, कारण धामण ही नागाची मादी असं आमच्याकडे गावोगाव मानतात. धामण वेगळी जात आहे, बिनविषारी आहे. धुऱ्यावर एकमेकांना पिळे घालून उभे राहिलेले दोन साप पुष्कळदा दोन नर धामणी असतात, आणि त्यांची कुस्ती चाललेली असते. मी हे सांगते, लोक ऐकूनही घेतात. पण "एकटा कसा राहीन बापा" ही काळजी मनातून जात नाही. ती खरी माया आहे हे मला कळतं. तरी या मायेपायी साप जिवाला मुकतात, म्हणून मी दरवेळी थांबून बोलते.

बडनेऱ्याकडच्या एका घरातून पावसाळ्यात मण्यार आणली होती. वनविभागाला कळवलं, सकाळी सोडायची म्हणून रात्रभर बरणीत ठेवली. सकाळी पाहते तर बरणीत दुसरा साप पडलेला. धरपकडीनं बिथरलेला साप पोटातलं ओकून टाकतो, तसं झालं होतं. ओकलेला साप कवड्या होता. डोकं विरघळून गेलेलं, खवले पांढुरके पडलेले, पण पाठीवरचे फिकट पट्टे अजून मोजता येत होते. मण्यार आणि कवड्या यांच्यात लोकांची नेहमी गफलत होते. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचं याच्या उलट. अंधारात, घाईत हा फरक दिसत नाही. आणि 'दोन्ही कवडेच आहेत' म्हणून एका बरणीत टाकले, तर सकाळी एकच उरतो. मण्यारीचं मुख्य अन्नच साप आहे. नागही प्रसंगी साप खातो. म्हणून माझ्याकडे एका बरणीत एकच साप, मग तो बोटाएवढा का असेना.

यावर हमखास नीलिमकुमार खैरेंचं नाव निघतं. 1980 साली पुण्यात ते 72 विषारी सापांसोबत 72 तास काचेच्या खोलीत राहिले होते. ते धाडस मोठंच. पण तीन दिवसांचा मुक्काम वेगळा आणि कायमचं घर वेगळं. घाबरलेला साप आधी कोपरा शोधतो, भूक त्याला नंतर आठवते.

आपल्याकडचे साप पाळायला 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आड येतो, आणि ते योग्यच आहे. अकोल्याच्या एका विद्यार्थ्यानं मात्र पुण्यात शिकताना बॉल पायथन घेतले होते, आफ्रिकेतले लहान अजगर. परदेशी प्राणी पाळण्याच्या 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदही केली होती. त्यानं बोलावलं म्हणून मे महिन्यात अकोल्याला गेले. पारा 45 च्या वर, खोलीत कूलर चालू. काचेच्या पेटीत पाण्याच्या भांड्याला लागून दोघं एकावर एक पडलेले. "पाहा ना ताई, कसे बिलगून झोपतात!" पोराच्या आवाजात कौतुक होतं.

मी खालच्याला हातात घेतलं. पाठीचा कणा वर आलेला, कातडी सैल, जुनी कात तुकड्यातुकड्यानं अंगाला चिकटलेली. वरचा गुबगुबीत होता. त्या पेटीत गार जागा एकच होती, आणि ती दोघांनाही हवी होती. दांडगा वर बसायचा, दुसरा खाली दबायचा. अजगरांच्या या झगड्यात आवाज नाही, चावा नाही, म्हणून आपल्याला ती माया वाटते. पेटीत कोणीतरी उंदीर ओकला होता. कोणी, ते पोराला सांगता येईना. विष्ठा कोणाची, तेही कळत नव्हतं. आणि उंदराच्या वासानं दोघांनी एकाच वेळी झडप घातली, तर एकाचा दात दुसऱ्याच्या तोंडावर बसायला वेळ लागत नाही.

साप एकत्र राहतच नाहीत असं मात्र नाही. कॅनडात मॅनिटोबातले गार्टर साप हिवाळ्यात हजारोंनी एका बिळात उतरतात. उन्हाळ्यात आपल्या काळ्या जमिनीला भेगा पडतात, तेव्हा एका भेगेत दोन जातींचे सापही सापडू शकतात. पण तिथे नको असेल त्याला सरकून जाता येतं. काचेच्या पेटीत कुठे जाणार?

पोरगा समजदार. दुसरी पेटी आणली, दोन्हींत ऊब आणि गारवा अशी दोन टोकं केली, लपायला जागा दिली. दर आठवड्याला वजन लिहायला लागला. वाळलेल्यानं सुरुवातीला काहीच खाल्लं नाही. बॉल पायथन बरेच दिवस उपाशी राहू शकतो, घाई करू नको, असं मी सांगितलं. आता विष्ठा कोणाची ते कळतं, तेव्हा दोघांची वेगवेगळी तपासून घे, हेही सांगितलं. पुढे वाळका खायला लागला.

मग त्यानं विचारलं, "ताई, नर-मादी निघाले तर?" तर काही दिवसांपुरते एकत्र, डोळ्यांसमोर, दोघांची पोटं भरलेली असताना, आणि मग पुन्हा वेगळे. पिल्लं झाली तर त्यांचीही नोंद त्याच पोर्टलवर करायची.