उन्हाळ्यात वास येणारं पाणी

१२ मे
बाह्यवळण झाल्यावर जुन्या सोलापूर रस्त्यावरचा हा पेट्रोलपंप बंद पडला. यंत्रं गेली, पत्रे गेले. टाक्या जमिनीतच राहिल्या. मागच्या वस्तीतल्या मावशींनी बोअरचं तांब्याभर पाणी पुढे केलं. "वास घेऊन बघा, ताई. श्रावणापासून दिवाळीपर्यंत काही नसतं. होळी झाली की सुरू."
त्यांच्याकडे तपासणीचा अहवालही आहे: 'पिण्यास योग्य'. नमुना ऑक्टोबरातला. सामू, क्षार, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड, जीवाणू सगळं पाहिलंय. पेट्रोलमधल्या बेंझिनचा रकानाच नाही. नेहमीच्या तपासणीत तो नसतो. मावशींच्या नाकाला जे कळतं, ते या कागदाला कोणी विचारलेलंच नाही.

१४ मे
पंपालगतच्या विहिरीचा गाळ काढायला माणसं आली होती. एकजण दोराला धरून उतरण्याच्या बेतात होता, त्याला थांबवलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती विहिरीत साचून राहते. माणूस गुदमरतो, आणि ठिणगी पडली तर भडका उडतो. गॅसमापक दोरीला बांधून खाली सोडला. निम्म्यावर गेला नाही तोच केकाटायला लागला. विहीरमालकांनी मजुरी देऊन माणसांना परत पाठवलं.
मग काठावरूनच मापनफीत सोडली. तिचं टोक तेलाला टेकलं की सलग आवाज येतो, पाण्याला टेकलं की तुटक. दोन आवाजांमध्ये बोटभर अंतर. पारदर्शक नळीतून नमुना वर काढला, तेव्हा डोळ्यांनाही दिसलं: वर पिवळसर थर, खाली पाणी.

१७ मे
मावशींच्या बोअरचे नमुने. पाण्याचं तापमान आणि क्षारता स्थिरावेपर्यंत पंप चालू ठेवला. मग ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या, आत आम्लाचे थेंब. पाणी काठावर फुगून येईपर्यंत भरायचं, झाकण लावायचं, कुपी उलटी करून टिचकी मारायची. बुडबुडा दिसला तर ती बाद, कारण बेंझिन त्या बुडबुड्यात निसटतं. मावशींचा नातू प्रत्येक कुपी उजेडात धरून बघत होता. एकीतला मोहरीएवढा बुडबुडा त्यालाच दिसला. ती टाकून दुसरी भरली. सगळ्या बर्फात ठेवून रवाना.

२ जून
निकाल आला. बेंझिनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम; बोअरमध्ये तिच्या कितीतरी पट. हे पाणी पिऊ नका, स्वयंपाकाला वापरू नका, असं घरोघर जाऊन सांगितलं. मावशींनी विचारलं, "उकळून घेतलं तर?" नाही. उकळलं की बेंझिन चुलीजवळच्या हवेत जातं, तेही आपल्याच श्वासात. त्याने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. उद्यापासून टँकर.

१९ ऑगस्ट
पाणी कितीतरी वर आलंय. विहिरीतला तेलाचा थर गायब, वास नाही. तेल मात्र कुठेही गेलेलं नाही. वर चढणाऱ्या पाण्याने ते मुरमात आणि काळ्या पाषाणाच्या भेगांत कोंडून धरलंय. उन्हाळ्यात पातळी उतरली की तेच पुन्हा पाझरून विहिरीत जमतं.
विहिरींच्या पातळ्या नकाशावर मांडल्या. आता भूजलाचा उतार ओढ्याकडे आहे. मावशींचा बोअर उलट बाजूला. मे महिन्यात मात्र वस्तीतले बोअर दिवसभर चालतात आणि पाणी आपल्याकडे ओढून घेतात. होळीनंतरच्या वासाचं कोडं इथे सुटलं.

९ ऑक्टोबर
पुन्हा नमुने घेतले होते. बेंझिन जेमतेम सापडलं. मे आणि ऑक्टोबरचे आकडे अहवालात शेजारी-शेजारी मांडलेत. शिफारशी अशा: टाक्या रिकाम्या करून, वाफ घालवून बाहेर काढाव्यात, खालचा मुरूम तपासावा, वस्तीचं पाणी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, दोन्ही वेळा तपासावं, बेंझिनसकट.
या जागेचे प्लॉट पडणार आहेत म्हणे. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद सापडते. गाडलेल्या टाकीला रकाना नाही. अमेरिकेत सांता मोनिका शहराला १९९६ साली, टाक्यांतून झिरपलेल्या पेट्रोलमधल्या एमटीबीई या रसायनामुळे आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या; शहराचं जवळपास निम्मं पाणी गेलं. आपल्या वस्तीला तर दुसरा बोअर पाडायचीही ऐपत नाही. म्हणून आधी टाक्यांची नोंद आणि सफाई, मग प्लॉट, ही शिफारस पहिल्या पानावर घेतली आहे. ग्रामसभेत अहवाल मी स्वतः वाचून दाखवणार आहे.